जुन्या गोव्याचे वस्तुसंग्रहालय: चर्च पाहण्याआधी की नंतर?

मांडवीकाठ (धागाकर्ती)

पणजीत राहणाऱ्या माणसाला जुन्या गोव्याला जाण्याचे कारण स्वतःहून क्वचितच पडते. घाटावरून पाहुणे आले की आपण त्यांना घेऊन जातो, बॉम जेझू (सेंट झेवियरचे शव असलेले चर्च) दाखवतो, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये नेतो, हिरवळीवर फोटो काढतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परततो. गेल्या पंधरा वर्षांत मी अशा निदान वीस फेऱ्या केल्या असतील. त्या हिरवळीच्या मागे, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून असलेल्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे वस्तुसंग्रहालय आहे, हे मला ठाऊक होते. परंतु तिथे आत जाण्याचा योग यायला गेल्या महिन्यातला मुसळधार पाऊस कारणीभूत ठरला. पुण्याहून आलेली माझी आतेबहीण आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा सोबत होते. आडोसा म्हणून आत शिरलो आणि अडीच तासांनी बाहेर आलो.

आत शिरताच समोर गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोंसो द आल्बुकेर्कचा ब्राँझचा प्रचंड पुतळा उभा आहे. हा पणजीहून इथे आणलेला. दुसरा ब्राँझचा पुतळा पोर्तुगीज कवी लुईश द कामोंइश याचा. त्याच्या हातात त्याच्या महाकाव्याची प्रत आहे आणि तो पूर्वी बाहेर, याच चर्चांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा असे. मोकळ्या आकाशाखाली दुरून पाहण्यासाठी घडवलेले पुतळे छताखाली आले की विचित्र दिसतात. माणसाला मान वर करावी लागते आणि पुतळ्याच्या बुटांकडेच अधिक लक्ष जाते. भाच्याने विचारले, "हे एवढे मोठे पुतळे घरात का ठेवले आहेत?" मी उत्तर देऊ लागले आणि मध्येच थांबले, कारण त्या एका प्रश्नात संपूर्ण संग्रहालय सामावले होते.

पुढे दगडांची दालने आहेत. पोर्तुगीजांच्या आधीच्या कदंब राजांच्या काळातील उभा विष्णू आहे, ज्याच्या प्रभावळीत दशावतार कोरले आहेत, सूर्यमूर्ती आहे, सतीशिळा आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आहेत. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाईसरॉय यांची साठाच्या आसपास तैलचित्रे ओळीने लावली आहेत. खाली वीरगळावरचा अनाम योद्धा आणि वर नाव, पदवी, कुलचिन्ह या सगळ्यांसह रंगवलेला सत्ताधीश, असा हा जिना आहे. चढताना मला जाणवले की या इमारतीतील जवळजवळ प्रत्येक वस्तू आपली मूळ जागा हरवून इथे आलेली आहे. पुतळ्यांचे चौक गेले, चित्रांचे राजवाडे गेले, वीरगळांची गावे किंवा देवळे गेली. आणि ज्या मठात हे सारे ठेवले आहे, त्या मठातले फ्रान्सिस्कन साधूही केव्हाच गेले.

त्यानंतर आम्ही चर्च पाहिली आणि ती मला पहिल्यांदाच वेगळी दिसली. म्हणून माझे मत असे झाले आहे की पाहुण्यांना आधी वस्तुसंग्रहालय दाखवावे आणि चर्च नंतर. घरी मात्र या मतावर वाद झाला. वडिलांचे म्हणणे असे की चर्च पाहिल्याशिवाय संग्रहालयातले काहीच उमगत नाही. आपण कोणत्या क्रमाने दाखवता आणि का, हे जाणून घ्यायला आवडेल.

अंत्रुजकर

आपल्या वडिलांशी मी सहमत नाही आणि आपल्याशीही पूर्ण सहमत नाही. माझा क्रम नदीकडून सुरू होतो.

जुने गोवे हे बंदर होते आणि त्याचा दर्शनी भाग मांडवी नदीकडे होता. आपण आज महामार्गावरून तिथे परसदारानेच शिरतो. फेरीबोटीच्या धक्क्याजवळ व्हाईसरॉयची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाईसरॉय असताना सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली गेली. पुढे ती कोसळली आणि 1954 मध्ये पुन्हा उभारली गेली. नवा व्हाईसरॉय लिस्बनहून आला की याच कमानीखालून शहरात प्रवेश करीत असे. कमानीजवळच त्याचा राजवाडा होता आणि हा राजवाडा म्हणजे मूळचा आदिलशहाचा किल्लेवजा महाल. आज त्यातले फक्त एक दार शिल्लक आहे, सेंट कायेतानच्या चर्चसमोरच्या आवारात. काळ्या दगडाचे हे दार नीट पाहिले तर त्याचे खांब कुठल्या तरी देवळाच्या खांबांसारखे दिसतात. कदंब, आदिलशाही आणि पोर्तुगीज अशा तीन राजवटी एका चौकटीत पाहायच्या असतील तर तिथे दहा मिनिटे उभे राहावे.

आता मुद्दा असा की आपण वर पाहिलेली तैलचित्रे मूळची याच राजवाड्यातली. जुआंव द काश्त्रु हा गव्हर्नर असताना, 1547 च्या सुमारास, त्याने आपल्या पूर्वसुरींची चित्रे काढवून घेण्याचे ठरवले. काम सोपवले गास्पार कोरैय याच्याकडे, जो बखरकार होता आणि ज्याने आल्बुकेर्कच्या हाताखाली कारकुनी केली होती, म्हणजे ज्यांची चित्रे काढायची त्यांतल्या अनेकांना त्याने डोळ्यांनी पाहिले होते. रंगकाम मात्र एका स्थानिक गोमंतकीय चित्रकाराने केले, असे कोरैय स्वतः नोंदवतो. नाव मात्र देत नाही. पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याचे चित्र त्या ओळीत येत गेले. राजधानी ओस पडू लागली, 1759 मध्ये व्हाईसरॉयने पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात मुक्काम हलवला आणि कालांतराने चित्रेही पणजीला गेली. गोवा मुक्त झाल्यावर ती पुन्हा जुन्या गोव्याला आली, परंतु तोवर मूळचा राजवाडा जमीनदोस्त होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. ज्या शहरातून निघाली त्याच शहरात ती परतली आणि तरीही परकीच राहिली.

म्हणून माझा क्रम असा आहे: कमान, मग आदिलशहाचे दार, मग संग्रहालय, आणि चर्च सर्वांत शेवटी. सत्ता नदीतून कशी आली हे एकदा कळले की तिने बांधलेली देवालये कुठे बसतात ते आपोआप समजते.

गुरुजी_पेडणे

जुआंव द काश्त्रुचा उल्लेख झाला म्हणून एक जोड देतो. दीवचा वेढा 1546 मध्ये उठल्यावर तिथला किल्ला पुन्हा बांधण्यासाठी त्याला पैसा हवा होता आणि खजिन्यात तो नव्हता. त्याने गोव्याच्या नगरपालिकेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले, ही कथा पोर्तुगीज इतिहासात फार प्रसिद्ध आहे. आपल्याकडे मिशीचा केस गहाण ठेवण्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलांना ही कथा सांगितली की त्या दाढीवाल्या चित्रासमोर ती मुले हटत नाहीत. मी तीसेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. सनावळीने जे साधले नाही ते या एका दाढीने साधले.

चित्रे पाहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. ही चित्रे लाकडी फळ्यांवर रंगवलेली होती, गोव्याच्या दमट हवेत ती सतत खराब होत गेली आणि शतकानुशतके त्यांवर वरून रंग चढवण्यात आले. तेव्हा आज दिसणारा चेहरा हा कोरैयने पाहिलेला चेहरा आहे असे समजून चालू नये. चेहऱ्यापेक्षा पोशाख पाहावा. सुरुवातीचे लोक चिलखतात आहेत, नंतरचे मखमल आणि लेसमध्ये, आणि अगदी शेवटचे तर लष्करी गणवेशात किंवा साध्या कोटात. साम्राज्य कसे चढले आणि उतरले हे शिंप्याच्या कामावरून वाचता येते.

साळावली

मला मात्र या दालनात प्रत्येक वेळी अस्वस्थ वाटते, हे प्रांजळपणे लिहिते. तिसवाडीतली देवळे 1540 च्या सुमारास पाडली गेली, साष्टीतली (मडगावकडची) 1567 मध्ये, आणि आमचे कुलदैवत रातोरात नदीपार अंत्रुजात (आजच्या फोंडा भागात) नेले गेले. आमच्या घरात आजही नवस बोलताना देवाच्या मूळ गावाचे नाव आधी घेतले जाते. ज्यांच्या हुकमाने हे घडले त्यांच्या चित्रांसमोर तिकीट काढून उभे राहायचे आणि त्यांच्या लेसचे कौतुक करायचे, हे मला जमत नाही. गुरुजी, आपल्याविषयी आदर राखून म्हणते.

गुरुजी_पेडणे

साळावलीताई, आपली अस्वस्थता मला समजते आणि ती दूर व्हावी अशी माझी इच्छाही नाही. परंतु ही चित्रे आज जिथे आहेत तिथेच ती योग्य आहेत असे मला वाटते. राजवाड्याच्या भिंतीवर होती तेव्हा ती पाहणाऱ्याला दरडावत होती. संग्रहालयात आल्यावर तीच चित्रे पुरावा झाली, आणि पुराव्याला कोणी मुजरा करीत नाही. आल्बुकेर्कच्या पुतळ्याचेही तसेच आहे. तो पणजीत राहिला असता तर एकतर फोडला गेला असता किंवा पुजला गेला असता.

आपण देवांच्या स्थलांतराविषयी लिहिले, त्यावरून मांडवीकाठ यांच्या मूळ विचाराला एक पुरवणी सुचते. जागा हरवलेले देव दोन प्रकारचे आहेत. जे अंत्रुजात गेले त्यांना नवी देवळे, नवे पुजारी, नव्या जत्रा मिळाल्या; ते आजही जागृत आहेत. जे मागे राहिले, पुरले गेले किंवा बांधकामात वापरले गेले आणि पुढे कधीतरी नांगराला किंवा कुदळीला लागले, ते संग्रहालयात आले. खालच्या दालनातला विष्णू त्या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याच्यापुढे निरांजन लागत नाही, परंतु त्याचे हात, आयुधे आणि मागची प्रभावळ जितक्या निवांतपणे आपण पाहू शकतो, तितकी गाभाऱ्यातल्या देवाची पाहता येत नाही.

साळावली

पुरावा हा शब्द मला पटला. मात्र पुराव्याशेजारी आरोपपत्रही असावे, एवढेच माझे म्हणणे राहील. धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) गोव्यात 1560 पासून, मध्ये चार वर्षांचा खंड सोडल्यास, 1812 पर्यंत चालले. म्हणजे त्या ओळीतल्या बहुसंख्य चित्रांच्या कारकिर्दी त्याच काळातल्या. चित्रांपुढून चालताना ही दोन साले मनात धरली तर लेसचे काम थोडे वेगळे दिसते.

रापणकार

आपण सगळे वरच्या मजल्यावरच रेंगाळलात. मी मासेमारांच्या घरातला, म्हणून मला खालचा एक दगड सोडवत नाही. कदंबकाळातला नौकायुद्धाचा वीरगळ तिथे आहे.

ज्यांनी वीरगळ नीट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहितो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या कप्प्यात लढाई असते आणि तीत वीर पडतो. त्यावरच्या कप्प्यात अप्सरा त्याला उचलून नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो आणि कडेला चंद्रसूर्य असतात, म्हणजे ते असेपर्यंत त्याची कीर्ती राहो. देशावरच्या वीरगळांत खालच्या कप्प्यात घोडे, पायदळ किंवा गायींचे कळप दिसतात, कारण तिथली भांडणे त्यांवरून होत. इथे त्या जागी होडी आहे. वल्ही ओळीने पाण्यात गेलेली आहेत आणि वर हत्यारबंद माणसे उभी आहेत. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला असेच नौकायुद्धाचे वीरगळ आहेत. किनाऱ्यावरचे शिल्पकार काय पाहत होते ते यावरून कळते.

कदंबांची राजधानी गोपकपट्टण जुवारी नदीच्या काठी होती आणि त्या राजांचे सामर्थ्य जहाजांवर उभे होते. पोर्तुगीज येण्याआधी चारशे वर्षे या नद्यांत आरमार होते, हे सांगणारा दगड आल्बुकेर्कच्या पुतळ्यापासून काही पावलांवर ठेवला आहे. वास्को द गामाने आम्हाला समुद्र दाखवला अशा थाटात बोलणाऱ्या एका गाइडच्या घोळक्यामागे मी एकदा उभा होतो. मी काही बोललो नाही. घोळका पुढे गेल्यावर त्यातल्या एका आजोबांना तेवढा दगड दाखवला.

सांतेस्तेवकर

गोपकपट्टणाचा विषय निघाला म्हणून नव्याने येणाऱ्यांना एक इशारा देऊन ठेवतो, कारण माझ्या सोलापूरच्या मेहुण्याने यात पुरा अर्धा दिवस घालवला. 'वेल्हा गोवा' आणि 'गोवा वेल्हा' ही दोन वेगळी गावे आहेत. चर्च आणि संग्रहालय आहे ते मांडवीकाठचे जुने गोवे, म्हणजे वेल्हा गोवा, पूर्वीची एला. गोवा वेल्हा हे पणजीहून मडगावकडे जाणाऱ्या महामार्गावर पिलारच्या पायथ्याशी आहे आणि तेच कदंबांचे गोपकपट्टण. मेहुणे पणजीच्या स्थानकावर पाटी अर्धवट वाचून सरकारी 'कदंब' बसमध्ये बसले, गोवा वेल्ह्याला उतरले आणि सेंट झेवियरचे शव कुठे आहे म्हणून लोकांना विचारत राहिले. शेवटी कोणीतरी त्यांना टेकडीवरच्या पिलार सेमिनरीतले संग्रहालय दाखवले, जिथे गोपकपट्टणाच्या परिसरात सापडलेल्या वस्तू जतन केल्या आहेत. ते आता सगळ्यांना सांगतात की आपण मुद्दामच तिथे गेलो होतो.

आमचे गाव जुव्याचे बेट, म्हणजे सांत इस्तेव. जुन्या गोव्याच्या समोर, नदीच्या पलीकडे. नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने इथला किल्ला घेतला, तेव्हा राजधानी अगदी नजरेच्या टप्प्यात आली होती. व्हाईसरॉय कोंद द आल्व्होर सैन्य घेऊन आला, पराभूत होऊन जखमी अवस्थेत परतला. त्यानंतर तो बॉम जेझूमध्ये गेला, सेंट झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या स्वाधीन करून शहर वाचवण्याची प्रार्थना केली. पुढे मोगलांचे सैन्य शाहआलमच्या हाताखाली कोकणात उतरले आणि मराठ्यांना माघारी फिरावे लागले. संग्रहालयात गेलो की चित्रांच्या ओळीत मी आधी या आल्व्होरला शोधू लागतो. लहानपणी आजोबा किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर बसवून हा प्रसंग सांगत असत. गोष्टीत त्याचा चेहरा मी फार भेदरलेला कल्पिला होता. दरबारी चित्रकाराकडून भेदरलेला चेहरा मिळणार नाही, हे कळायला वय वाढावे लागले.

मांडवीकाठ

सांतेस्तेवकर, हा प्रसंग मी पाठ्यपुस्तकात वाचला होता, परंतु बॉम जेझूमध्ये इतक्या वेळा उभी राहूनही या दोन गोष्टी मी कधी जोडल्या नव्हत्या. यापुढे शवपेटीसमोर उभी राहीन तेव्हा तो राजदंड आठवेल. माझ्या आधी-संग्रहालय या पक्षाला हे मत मी मोजून घेते.

अंत्रुजकर

मत मोजू नका, कारण तो प्रसंग घडला चर्चमध्ये. वडिलांच्या पारड्यात टाका.

चांदीकाम

माझे आजोबा आणि वडील चांदीकाम करीत असत, म्हणून मी एक तिसरे ठिकाण पुढे ठेवतो. जुन्या गोव्यातल्याच मोंत सांत टेकडीवरच्या सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ते 1994 मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि 2002 मध्ये इथे आले. मोठ्या नूतनीकरणानंतर 2022 मध्ये पुन्हा उघडले. पुरातत्त्व संग्रहालयात दगड आणि सत्ता पाहायला मिळते, इथे हात पाहायला मिळतात.

हस्तिदंती बाल येशू मेंढपाळाच्या रूपात बसलेला असतो आणि त्याच्या खाली कडेकपारी, झरे, प्राणी अशी रचना असते. ही मूर्ती पाहताना मला बुद्धाची किंवा बालकृष्णाची आठवण होते, आणि हा केवळ माझा भास नाही. कलेचे जाणकारही यात हिंदुस्थानी मूर्तिघडणीचा हात पाहतात. चांदीच्या वस्तूंत सर्वांत देखणी आहे ती पेलिकन पक्ष्याच्या आकाराची, पवित्र प्रसाद ठेवण्यासाठी केलेली सतराव्या शतकातली वस्तू. स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा पेलिकन हे ख्रिस्ताच्या बलिदानाचे युरोपीय प्रतीक. घडवणाऱ्या गोमंतकीय कारागिराने पेलिकन कधी पाहिलेला असेल असे वाटत नाही. पिसांचे ठोककाम मात्र असे आहे की ते आमच्या दुकानातल्या जुन्या मखराच्या पत्र्यावर सहज खपून जावे.

हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती आणि पूजावस्तू घडवू नयेत असे ठराव सोळाव्या शतकात गोव्याच्या धर्मसभांनी केले. वडील हे सांगून हसत आणि म्हणत, मनाई करावी लागली याचा अर्थ काम जोरात चालू होते. सेंट झेवियरची चांदीची पेटीही 1636-37 मध्ये इथल्याच चांदीकारांनी केली. ती ज्या संगमरवरी समाधीवर ठेवली आहे तिचे काम फ्लोरेन्सच्या फोजिनीचे, तस्कनीच्या तिसऱ्या कोझिमोने भेट दिलेले, 1698 मध्ये बसवलेले. लोक संगमरवराची चौकशी करतात. मी पाहुण्यांना वरची पेटी पाहायला सांगतो.

साळावलीताईंना एवढेच सुचवतो की लेस आणि मखमल पाहवत नसेल तर टेकडीवर चला. तिथे राज्यकर्ते फारसे नाहीत, आपलेच लोक आहेत, फक्त त्यांची नावे नाहीत.

साळावली

नक्की येईन. खालचा वीर अनाम, चित्रांचा रंगारी अनाम आणि चांदीकार अनाम. नाव फक्त हुकूम देणाऱ्यांचे उरले. हे मात्र या धाग्यामुळेच लक्षात आले.

गुरुजी_पेडणे

त्याच टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या चर्चचा भग्न मनोरा आहे, तो चुकवू नये. 46 मीटर उंचीचा हा मनोरा 1602 मध्ये बांधलेल्या चर्चचा. पोर्तुगीज सरकारने 1835 मध्ये मठ बंद केल्यावर ते ओसाड पडले, 1842 मध्ये छत कोसळले आणि 1931 मध्ये दर्शनी भिंत. त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये आजही वाजते, म्हणजे तीही जागा बदललेलीच, पण काम न सोडलेली.

जॉर्जियाची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासने 1624 मध्ये ठार केले आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या काही अस्थी गोव्याला आणून या चर्चमध्ये ठेवल्या, असे जुन्या कागदांत होते. पुरातत्त्व खात्याने त्या वर्णनाच्या आधारे उत्खनन केले, अस्थी सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासून त्यांचा वंश हिंदुस्थानी नसल्याचे आणि जॉर्जियाशी जुळत असल्याचे दाखवले. त्यांतला काही भाग 2021 मध्ये जॉर्जियाला समारंभपूर्वक देण्यात आला. मांडवीकाठ, आपल्या सिद्धान्ताला हा एक अपवाद म्हणावा लागेल: जुन्या गोव्यातून घरी परत गेलेली राणी.

रापणकार

वेळेचे पाहून घ्या. पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. 3 डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताच्या (सणाच्या) आसपास संग्रहालयासाठी येऊ नये. त्या दिवसांत गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट झेवियरच्या, दर्शनाला येणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात. फेस्त पाहायचा असेल तर गोष्ट वेगळी. आणि शेवटी कमानीखालून फेरीबोट पकडून दिवाडी बेटावर जा. पियेदादच्या टेकडीवरच्या दफनभूमीतल्या लहान कपेलात कदंबकाळातल्या कोरीव दगडी कामाचा तुकडा अजून छताला आहे. जागा न सोडलेला दगड पाहायचा असेल तर तो.

अंत्रुजकर

दिवाडीला गेलातच तर नार्व्याच्या बाजूला सप्तकोटेश्वराच्या मूळ स्थानावरची तळी पाहा. कदंबांचे हे कुलदैवत, नाण्यांवर त्याचा वरप्रसाद मिरवला जात असे. देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दोन्ही नार्व्यांच्या मध्ये एक नदी आहे. देवाने गावाचे नाव सोबत नेले.

मांडवीकाठ

काल पुन्हा जाऊन आले, म्हणून कळवते. या वेळी वडील सोबत होते आणि भाच्याची सुट्टी अजून संपलेली नव्हती. आम्ही अंत्रुजकरांच्या क्रमाने गेलो. कमानीखाली वडिलांना दम लागला, म्हणून आदिलशहाच्या दारापाशी बराच वेळ बसलो. संग्रहालयात भाचा थेट नौकेच्या वीरगळाकडे गेला आणि वल्ही मोजत बसला. दगड झिजलेला असल्यामुळे प्रत्येक वेळी त्याचा आकडा वेगळा येत होता, आणि वडील त्याला चौथ्यांदा मोजायला सांगत होते. वर जुआंव द काश्त्रुच्या चित्रापुढे मी दाढीची गोष्ट सांगितली. भाच्याने विचारले की मग ते केस त्याला परत मिळाले का. गुरुजी, याचे उत्तर आपण द्यावे, मी त्याला तसे सांगून ठेवले आहे.

गुरुजी_पेडणे

त्याला सांगा, गोव्याच्या लोकांनी पैसे दिले आणि तारण सन्मानाने परत पाठवले, अशीच कथा आहे.

मांडवीकाठ

सांगितले. "मग गहाण कसले?" म्हणाला.